बाजार उंबऱ्याशी, भाकर लांब
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादा विद्वान प्राध्यापक बोलवायची आपली रीत आहे. यंदा मंडळींनी आम्हाला उभे केले. आम्ही गिरणीतली माणसे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या ऑफिसात. पाळी सुटली की पुस्तक, अन् पुस्तक मिटले की पाळी. तेव्हा भाषेत कुठे खडा लागला तर गोड मानून घ्या.

विषय कोणता घेता, असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, किराणा. ते हसले. म्हणाले, अहो विहारात किराणा काय काढता? आम्ही म्हणालो, काढतो, आणि भगवंतांच्याच साक्षीने काढतो.

आळवी गावची गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे, भन्तेजींनी वर्षावासात सांगितलेली अनेकांना आठवत असेल. भगवान बुद्ध भिक्खूसंघासह आळवीला आले. गावाने भोजनदान दिले. भोजनानंतर प्रवचन व्हायचे, लोक वाट बघत बसले, पण भगवंत काही बोलेनात. का? तर एका गरीब शेतकऱ्याचा बैल रानात चुकला होता, तो त्याच्या मागे सकाळपासून वणवण हिंडत होता. बैल सापडला आणि तो उपाशीपोटी तसाच धावत प्रवचनाला आला. भगवंतांनी आधी विचारले, भोजनातले काही शिल्लक आहे का? त्याला बसवून पोटभर जेवू घाला. तो जेवला, त्याचे चित्त स्थिर झाले, आणि मग देशना सुरू झाली. भिक्खूंमध्ये कुजबूज झाली, असे कधी झाले नव्हते. तेव्हा भगवंतांनी सांगितले की भुकेसारखा रोग नाही, आणि उपाशी माणसाच्या कानात धम्म शिरत नाही. म्हणून विहारात चुलीची गोष्ट काढली तर ती अवांतर नाही.

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजीत एक शब्द आहे, त्याचे मराठी आम्ही करतो 'अन्नाचे वाळवंट'. हा शब्द १९९० नंतरच्या काळात स्कॉटलंड-इंग्लंडकडे निघाला. सरकारी चाळींच्या वस्त्या शहराबाहेर बांधल्या, माणसे नेऊन टाकली, पण आसपास ताजी भाजी, फळे, धान्य मिळेल असे दुकानच नाही. अमेरिकेने त्याचे मापच ठरवले. शहरात गरीब वस्तीपासून मोठे किराणा दुकान एक मैलाहून, म्हणजे आपल्या दीड-पावणेदोन किलोमीटरहून लांब असेल आणि बऱ्याच लोकांना तिथवर जावे लागत असेल, तर ते वाळवंट.

या मापाने बघाल तर आपले स्वारगेट म्हणजे नंदनवन. एका अंगाला गुलटेकडीचे मार्केट यार्ड. अख्ख्या पुणे जिल्ह्याचा, आणि बाहेरच्याही किती जिल्ह्यांचा माल तिथे उतरतो. कांदा, बटाटा, पालेभाजी, फळे, भुसार, गूळ, फुले. दुसऱ्या अंगाला महात्मा फुले मंडई. २९ सप्टेंबर २०२४ पासून तर स्वारगेटला भुयारी मेट्रो आली, मंडई हे पुढचेच स्टेशन. आणि तरीसुद्धा आमच्या मायबहिणींच्या टोपलीत काय असते? दहा रुपयांची तेलाची पुडी, अदपाव डाळ, दोन कांदे, पाच रुपयांचा मसाला. पोरांच्या हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. सांगा बरं, हे वाळवंट नाही तर काय आहे? फरक एवढाच की तिकडच्या वाळवंटात पाणी लांब असते, आणि आमच्याकडे विहीर दारात आहे, पण पोहरा नाही.

हिशेब मांडून बघा. समजा लिटरभर तेलाची पिशवी १५० रुपयांना आहे. दहा रुपयांच्या पुडीत पन्नास मिलिलिटर तेल आले, तर लिटरला पडले २०० रुपये. म्हणजे बंगल्यातल्या बाईने तेल घेतले १५० ने, आणि तिच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या आमच्या बहिणीने त्याच दिवशी, त्याच तेलाला मोजले २००. चहापत्ती, साखर, साबण, डाळ, सगळ्याची हीच गत. गरीब माणूस स्वस्त खातो असे लोक समजतात. गरीब माणूस थोडे खातो, पण किलोच्या भावाने महाग खातो. कारण त्याच्याकडे एकदम दीडशे रुपये नसतात, आणि असले तरी त्या दिवशी ते पोराच्या फीला नाहीतर डॉक्टरला जातात.

यात कोपऱ्यावरच्या वाण्याला शिव्या घालायच्या म्हणून आम्ही बोलत नाही. तो वहीवर देतो. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे किती घरांच्या चुली त्या वहीवर पेटल्या ते आपण सारेच जाणतो. पण वहीला तोंड असते ते एकाच दिशेला. उधारी असली की भाव विचारता येत नाही, काट्याकडे बघता येत नाही, किडका हरभरा परत करता येत नाही. ज्याचे देणे आहे त्याच्याच दारात पुन्हा उभे राहायचे, मान खाली घालून.

आणि ही मान खाली घालण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही, बरं का. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती, अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला. त्या समितीत बाबासाहेब सभासद होते. १९३० च्या अहवालात काय दिसते? महार-मांगांनी गावात हक्काची भाषा केली की पहिली गोष्ट काय व्हायची, तर बहिष्कार. रस्ता बंद, काम बंद, आणि दुकान बंद. वाणी मीठ-मिरची द्यायचा नाही. माणसाच्या पाठीत काठी घालण्यापेक्षा त्याचे पीठ-मीठ तोडणे अधिक परिणामकारक, हे गावाला पक्के ठाऊक होते. म्हणून बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मागणी केली की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. महाराष्ट्राने स्वतंत्र बहिष्कारविरोधी कायदा केला तो २०१६ साली. हिशेब करा किती वर्षे लागली.

म्हणून म्हणतो, दुकान हा साधा विषय नाही. चवदार तळ्याचे पाणी जसे नुसते पाणी नव्हते, तसेच हे आहे.

अमेरिकेतली एक हकीकत आमच्या वाचनात आली, ती सांगण्यासारखी आहे. ग्रीन्सबरो नावाचे शहर आहे, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. फार मोठे नाही, तीन लाखांच्या आसपास वस्ती. १ फेब्रुवारी १९६० ला तिथे चार काळे कॉलेजविद्यार्थी एका मोठ्या दुकानातल्या उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जागी जाऊन बसले. चहा-कॉफी मिळेना तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग आणखी आले. जुलैमध्ये त्या दुकानाला नमते घ्यावे लागले. त्यांचे महाडच म्हणा ना. आता पुढची गोष्ट ऐका. त्याच शहराच्या ईशान्य भागात काळ्यांची वस्ती. १९९८ साली तिथले एकुलते एक मोठे किराणा दुकान कंपनीने बंद केले. कायद्याने सगळ्यांना दार उघडे झाले होते, पण आता दारच उरले नाही! अठरा वर्षे वस्तीला दुकान नाही. म्हाताऱ्या बायका दोन-दोन बस बदलून सामान आणायच्या.

शेवटी वस्तीने स्वतःची सहकारी संस्था काढली. हजारावर सभासद झाले आणि २०१६ च्या अखेरीस दुकान उघडले. पण जानेवारी २०१९ मध्ये ते बंद पडले. विक्री हवी तेवढी झाली नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम पुरी सांगितली. अर्धीच सांगून टाळ्या घेता आल्या असत्या. मोठी इमारत, मोठा खर्च, पगारी माणसे, आणि शेजारी बलाढ्य कंपन्यांचे भाव. सहकार म्हटला की सगळे जमते असे नाही.

पण सगळे बुडते असेही नाही. डेट्रॉइट शहरातल्या काळ्या समाजाने बरीच वर्षे खटपट करून मे २०२४ मध्ये आपले सहकारी किराणा दुकान उघडले. आणि आपण गिरणीवाल्यांनी तर बाहेरच्यांकडे बघायलाच नको, कारण हे सहकारी दुकानाचे डोके मूळचे गिरणीवाल्यांचेच. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली २८ माणसे एकत्र आली, त्यातले बरेच विणकर. एकेक पौंड जमवायला त्यांना महिनेच्या महिने लागले. २१ डिसेंबर १८४४ ला दुकान उघडले तेव्हा मालात होते लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. गावचे व्यापारी हसले. पण त्यांचा नियम होता, भेसळ नाही, मापात पाप नाही, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना. त्या दुकानापासून जगभरची ग्राहक सहकारी चळवळ सुरू झाली असे मानतात.

आपल्या मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली छोटेसे दुकान काढले, तेच पुढे 'अपना बाजार' झाले. रेशनिंगचा काळ होता, काळाबाजार होता, कामगाराला माल धड मिळत नव्हता. आमच्या पिढीच्या गिरणी कामगारांना या दुकानाचा अभिमान वाटायचा. कापड विणणाऱ्याने साखरही विकून दाखवली, म्हणायचे. आणि पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत निघाली, १९७५ ला मुंबईत. मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत आम्हाला फार आवडते, कारण तिला दुकानच नाही. शेजारच्या दहा-पंधरा घरांचा एक संघ. महिन्याची यादी करायची, पैसे भरायचे, माल एकत्र येतो आणि घरांनी आपसात वाटून घ्यायचा. गाळ्याचे भाडे नाही, पगार नाही, उधारी नाही. ग्रीन्सबरोला जे ओझे झेपले नाही ते इथे डोक्यावर घेतलेच नाही.

पुण्याचा इतिहास काढायचा तर महात्मा फुल्यांपासून काढावा लागतो. १८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यावेळी लाखो रुपये खर्चून टोलेजंग मंडई बांधण्याचा बेत निघाला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. मंडई झाली, १८८६ साली तिचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले. आणि पुढे गंमत बघा, त्याच मंडईला जोतीरावांचे नाव लागले! विरोध करणाऱ्याचे नाव इमारतीला देऊन विरोध विसरायला लावायचा, ही पुण्याची जुनी हुशारी. याच जोतीरावांनी १८७७ च्या भयंकर दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडीला भुकेल्या पोरांसाठी आश्रम चालवला. आज स्वारगेटहून धनकवडीची बस धरतो ना आपण, तीच धनकवडी.

आणि कष्टाची भाकर. मार्केट यार्डात, भवानी पेठेत पाठीवर पोती वाहणारे जे हमाल, त्यांची हमाल पंचायत १९५६ च्या सुमारास बाबा आढावांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९७४ साली याच पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा ना तोटा. भाकरी, भाजी, झुणका, कष्टकऱ्याला परवडेल त्या भावात. त्याआधी दोन वर्षे काय दिवस गेले होते ते वडीलधाऱ्यांना विचारा. १९७२ चा दुष्काळ. गावेच्या गावे खडी फोडायला, कंट्रोलवर अमेरिकेचा लाल मिलो. आमच्या आया सांगायच्या, त्याची भाकरी थापली तर तव्यावर जायच्या आधी तुटायची. मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर उतरवले.

आता तुलना करा. १९९५ साली सरकारने रुपयाची झुणका-भाकर काढली. चौकाचौकात केंद्रे झाली. काही वर्षांत केंद्रे राहिली, झुणका गेला, भलतेच काही विकू लागले. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांना, टाळेबंदीत पाच रुपये केली. भुकेल्याला त्या थाळीने आधार दिला हे आम्ही कबूल करतो. पण सरकारची थाळी सरकारच्या मर्जीची. हमालांची भाकर त्यांनी स्वतःच्या घामावर उभी केली, म्हणून ती टिकली. आमच्या मते या दोन्हीतला फरक आपल्या लोकांनी नीट ध्यानात घ्यायला हवा.

आता रेशन. हा विषय निघाला की सभेत आवाज वाढतो, तो आत्ताच वाढायला लागला आहे, थांबा, ऐकून घ्या.

१९९७ आधी रेशन सगळ्यांना होते. १९९७ ला केंद्राने गरीब आणि गरीब नसलेले अशी विभागणी केली. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डे आली, पिवळे, केशरी, पांढरे. वर्षाला १५ हजारापर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे. पंधरा हजार! शहरातल्या झाडूवाल्याचेही त्याहून जास्त होते. आमच्यासारखे गिरणीतले केशरीत गेले, आणि गिरण्या बंद पडल्यावरही केशरीतच राहिले. मग २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला, महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले. चांगले झाले. पण शहरात प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नाची मर्यादा ठेवली वर्षाला ५९ हजार. महिन्याला पाच हजारही नाहीत. पुण्यात पाच हजारात पाच माणसांचे घर चालवून दाखवणारा असेल तर त्याचा आपण इथे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू! आणि राज्याचा इष्टांक ठरला तो सात कोटींचा, २०११ च्या जनगणनेवर. २०२१ ची जनगणना झाली नाही. मधल्या काळात जन्मलेली पोरे, लग्न होऊन आलेल्या सुना, गावाकडून आलेली माणसे, यांची नावे चढवायला गेले की उत्तर मिळते, इष्टांक शिल्लक नाही.

ज्यांना मिळते त्यांचे काय? पाच किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. तांदूळ आणि गहू. डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या महिन्यांत कुटुंबामागे किलोभर डाळ-हरभरा दिला, पुढे तोही थांबला. पोट भरते, पण रक्त कशाने भरणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शेकडा ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. पाच वर्षांखालच्या शंभर पोरांपैकी जवळजवळ ६९. त्याआधीच्या पाहणीत हे आकडे ४८ आणि ५४ होते. म्हणजे मेट्रो आली, उड्डाणपूल झाला, आणि अंगातले रक्त कमी झाले.

आपल्या वस्तीचे दुखणे तर सगळ्यांनाच माहीत आहे. आपली कार्डे ज्या दुकानाला जोडली होती ते बंद झाले आणि कार्डे लांबच्या दुकानाला जोडली गेली. जेधे चौक ओलांडून, त्या गर्दीतून, वीस-पंचवीस किलोची पिशवी घेऊन यायचे. रिक्षा केली तर फुकटचा गहू फुकट राहत नाही. दुकान कधी उघडणार ते नक्की नाही. गेलो तर अंगठा लागत नाही. आमच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी चाळीस वर्षे लोकांची भांडी घासली. बोटांवरच्या रेघा राखेने आणि साबणाने गेल्या. मशीन म्हणते, ही बाई ती बाई नाही. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांचा खाडा झाला. शेवटी नातवाचा अंगठा चालला तेव्हा धान्य मिळाले. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, मी मेले की काय रे?

यावर काय करता येते ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना ठाऊक नाही. एक तर, कार्ड कोणत्याही दुकानाला जोडलेले असो, आता अंगठ्यावर जवळच्या दुसऱ्या रास्त भाव दुकानातूनही धान्य उचलता येते. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ नंबरवर तक्रार करायची, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. मशीनची पावती मागायची, तीवर किती किलो आले ते छापलेले असते. दुकानात दक्षता समितीची तरतूद कायद्यात आहे, तीत आपल्या बायका का नकोत? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच २०१३ च्या कायद्यात बाराव्या कलमात लिहिले आहे की दुकानांचे परवाने देताना बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य द्यावे आणि दुकाने बायकांच्या हाती चालवायला द्यावीत. मग विहाराच्या तीन बचत गटांनी अर्ज का करू नये? जाहिरात निघते तेव्हा आपल्याला कळतच नाही, ही खरी अडचण. तेव्हा दर महिन्याला पुरवठा कार्यालयात जाऊन फलक बघून येणारी दोन पोरे आपल्याला पाहिजेत. शिकलेली आहेत, मोबाईल चालवतात, तेवढे करतील.

भाजीचे बोलायचे राहिले. भाजी आपल्या दारात येते ती हातगाडीने आणि पाटीवाल्या मावशींनी. पहाटे यार्डातून उचलतात, दुपारपर्यंत विकतात. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पळापळ. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, पाहणी न करता उठवता येत नाही, तरी गाडी उचलली जाते. सोसायटीतले लोक म्हणतात, रस्ता मोकळा झाला. आमच्या बायका म्हणतात, आज मेथी नाही. एप्रिल २०२० मध्ये यार्डातला भाजीबाजार बंद झाला तेव्हा या मावश्या नसत्या तर आपण काय खाल्ले असते? त्या बहुतेक आपल्यातल्याच, नाहीतर आपल्यासारख्याच. त्यांची गाडी उचलली तर आपल्या वस्तीने त्यांच्या मागे उभे राहिले पाहिजे. ही भीक नव्हे, आपल्या ताटाची राखण आहे.

आणि एक धोक्याची सूचना. पुनर्वसनाची बोलणी आपल्याकडे चालू आहेत. पक्के घर कुणाला नको? पण मागे केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानात पुण्यातली काही झोपडपट्टीतली कुटुंबे वारजे, हडपसर भागातल्या इमारतींत गेली. घर मिळाले, पण धुण्याभांड्याची कामे राहिली जुन्या जागी, आणि बसचे भाडे रोजचे मागे लागले. आपल्याला कागद दाखवतील तेव्हा चौरस फूट विचारायचेच, पण त्याबरोबर विचारायचे की रेशनचे दुकान कुठे, गिरणी कुठे, भाजी कुठे बसणार, तळमजल्यावर एक गाळा वस्तीच्या संस्थेला देणार का. लेखी विचारायचे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत सही करायची नाही. यावर मतभेद असतील, समितीत बोलू.

आता शेवटचे. गेल्या वर्षावासात आपल्या दहा घरांनी मिळून यार्डाच्या भुसार विभागातून ज्वारीचा पन्नास किलोचा कट्टा आणला होता. विहाराच्या ओसरीवर वाटप झाले. थोडी कुरकुर झाली, कुणाला खडे जास्त आले, कुणाला तूस. एका घराकडे त्या दिवशी पैसे नव्हते, त्यांनी आठवड्याआठवड्याने दिले, बाकीच्यांनी सांभाळून घेतले. पण कोपऱ्यावरच्या भावापेक्षा स्वस्त पडली की नाही, ते ज्यांनी खाल्ली त्यांनी हात वर करून सांगावे. बघा किती हात आहेत. दहा घरांचे जमले तर चाळीस घरांचे का नाही? ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे आणि तेलाचा डबा, चारच जिन्नस. साखर, साबण, पोहे यांच्या नादी सुरुवातीला लागायचे नाही, नाहीतर ग्रीन्सबरो होईल. दुकान नाही, गाळा नाही, पगार नाही, आणि पैसे आधी. ज्याला आधी जमत नाही त्याच्यासाठी वर्गणीतून एक छोटी पेटी ठेवू, महिला मंडळाकडे, पुरुषांकडे नको. यात हसण्यासारखे काही नाही, गिरणीतल्या पतपेढीचा हिशेब आम्ही पाहिलेला आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर नावे घ्यायची आहेत. येताना घरातल्या कर्त्या बाईने यावे, रेशनकार्डाची झेरॉक्स आणावी, म्हणजे ज्यांची नावे चढायची राहिली त्यांची यादीही त्याच बैठकीत होईल. वजनकाटा महिला मंडळाकडे आहे, त्याची वजने एकदा तपासून घ्यायची आहेत. टेम्पो कुणाचा घ्यायचा आणि यार्डात भाव काढायला कोण दोघे जाणार, एवढे आज भोजनदानाच्या पंगतीतच ठरवू. पंगत वाढायला घेतली आहे, खिरीचा वास मघापासून येतो आहे, तेव्हा आम्ही थांबतो.

जयभीम. नमो बुद्धाय.